तुझा दगड मोजला, आत्या

आत्या, तुझा दगड मोजला. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

हे वाक्य मी कॉलेजातून निघाल्यापासून मनात घोळवत होते. आसनगावला उतरले, शेणव्याच्या गाडीत बसले, तरी तेच. नुसतं 'काही नाही' म्हणायचं की 'अगदी थोडं आहे, पण त्यानं काही होत नाही' म्हणायचं, हे माझं ठरत नव्हतं. तुला पहिलं आवडलं असतं. खरं दुसरं आहे. शेवटी ठरवलं, आधी पहिलं सांगायचं, तू हसलीस की मग दुसरं. पण तुमच्या पाड्याच्या वळणावर माणसं उभी होती आणि बाबा माझ्याकडे चालत आले. ते काही बोलायच्या आधीच मला कळलं. डबीत ठेवलेला तुझा दगड माझ्या बॅगेत होता आणि उत्तर ऐकायला तू नव्हतीस.

म्हणून इथे लिहिते. दहावा होऊन गेला. घरातले आता तुझ्याबद्दल 'होती' म्हणून बोलायला लागलेत. मला ते अजून जमत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी तुझ्याकडे आले, तेव्हा तू निरगुडीचा पाला सुकवत बसली होतीस. बियाण्याच्या कणगीत घालायला. मी शेजारी बसले तर म्हणालीस, "काय शिकवतात गो तुला तिकडं?"

"दगड."

"दगड? आन त्याला कल्याणपर्यंत जावं लागतं?"

मी सेमिनारचा विषय सांगितला. तरुण ज्वालामुखी खडकांमध्ये सापडणारी युरेनियमची खनिजं. मॅडमनी प्रत्येकाला एकेक विषय दिला होता, मला हा आला. मला तेव्हा तो नीट कळलाही नव्हता, पण तुला सांगताना थोडा कळला. ज्वालामुखीतून राख पडते, तिच्यात कणभर युरेनियम असतं. पाणी त्या राखेतून झिरपतं, युरेनियम आपल्याबरोबर नेतं आणि खडकाच्या भेगांत, पोकळ्यांत सोडतं. काही देशांत त्याची पिवळी पूड खडकावर हळदीसारखी बसलेली असते.

तू मध्येच विचारलंस, "तरुण म्हंजे केवढा?"

"काही लाख, काही कोटी वर्षं. आपला काळा दगड साडेसहा कोटी वर्षांचा आहे. पृथ्वीच्या मानानं तोही तरुणच."

"साडेसहा कोटीचा तरुण!" तू पाला खाली ठेवून हसलीस. "मंग मी अजून पाळण्यात हाय. सांग तुझ्या बापाला, येऊन झोका दे म्हणावं."

मग मी बॅगेतून जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी काढली. मॅडमनी दिली होती. काही खनिजं त्या उजेडात वेगळ्या रंगानं चमकतात, हे तुला दाखवायचं होतं. तू म्हणालीस, "थांब, माजा दगड दावते." आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेलीस. त्या खोलीला खिडकी नाही, दुपारीही अंधार असतो. कणगीत हात घालून तू तांबड्या भाताच्या तळातून तो काढलास. मुठीएवढा, दुधासारखा पांढरा, वर फुगे आल्यासारखा आणि मागे काळा खडक चिकटलेला.

मुरबाडकडे आमच्या दारची विहीर खणत होते, तेव्हा तुझं लग्न व्हायचं होतं. तू पाटीतून दगडगोटे वर वाहून आणायचीस. एक दिवस सुरुंग उडाला आणि खडकात एक पोकळी उघडी पडली, आतून सगळी पांढरी. त्यातला एक तुकडा तू ओच्यात लपवलास आणि लग्नात सासरी आणलास. "सासू बोलली, सून आली ती आली, माहेरचा धोंडा पन घेऊन आली," असं तू सांगायचीस. नंतर तो बियाण्यात ठेवलास, त्या वर्षी भाताला कीड लागली नाही, तेव्हापासून तो तिथेच. मी म्हणायचे, कीड निरगुडीमुळे लागत नाही. तू म्हणायचीस, निरगुडी तर सगळेच घालतात. हा आपला वाद कधी संपलाच नाही. पुढच्या वर्षी एका मडक्यात दगड आणि एका मडक्यात नुसता पाला ठेवून बघू, असं ठरलं होतं.

मी बॅटरी लावली आणि तुझा दगड हिरवा झाला.

मी तसं पुस्तकात वाचलं होतं, फोटो पाहिले होते. पण समोर पाहिलं नव्हतं. काजव्याचा असतो तसा हिरवा उजेड तुझ्या हातात होता आणि तुझी बोटं त्याच्या मागे काळी दिसत होती. मी बॅटरी बंद केली तर म्हणालीस, "परत लाव."

मी परत लावली. मग तू दगडालाच म्हणालीस, "इतकी वर्सं अंधारात होतास. कधी बोलला नायस तो."

मी आनंदात होते. म्हणाले, "आत्या, हा हिरवा रंग युरेनियममुळे येतो. अगदी कणभर असेल." जगनदादा दारात उभा होता. तुझा मुलगा आधीच हळवा, त्यात तू त्याची आई आणि बापाच्या जागीही तूच. त्यानं एकच शब्द ऐकला.

"युरेनियम? बॉम्बमधलं?"

"तसं नाही दादा, सगळीकडे थोडं थोडं असतं."

"आमी ह्या कणगीतलं भात खातो गो!"

"हे बियाण्याचं हाय," तू म्हणालीस. "खायाचं त्या कोपऱ्यात. आन ह्यो माझ्या बापाच्या इहिरीतला दगड हाय. त्याच इहिरीचं पाणी पिऊन ही कॉलेजात गेली. काय झालंय तिला? जराशी बारीक हाय, तेवढंच."

मी म्हणाले, मोजेपर्यंत दगड बाहेर ठेव. तू ठेवला नाहीस. तू माझ्यावर रागावली होतीस, की दगडावर कोणी आळ घेतला म्हणून दुखावली होतीस, हे मला तेव्हा विचारता आलं नाही. आता कोणाला विचारणार?

होळीनंतर तुला दम लागायला लागला. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. ठाण्याला नेलं, तिथे रक्ताचा आजार म्हणून सांगितलं. त्याचं नाव दादाला अजून नीट घेता येत नाही. तो त्याला 'ते दगडाचं' म्हणतो. डॉक्टरांनी तसं काही म्हटलं नव्हतं. आजार कशानं झाला हे सांगता येत नाही, एवढंच म्हणाले होते. पण कशानं हे माहीत नाही, असं ऐकून घरी येणं फार कठीण असतं. आणि दादाकडे एक कारण आयतंच होतं.

मी आले तेव्हा तू ओटीवर पडून होतीस. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले होते, अंगणापर्यंत राखेचा वास येत होता. दादा बाजारात गेला होता. तू मला जवळ बोलावलंस.

"दर्शे, खरं सांग. त्या दगडाचं हाय काय ह्ये?"

"मला नाही वाटत, आत्या."

"वाटतं ते नको. जगन्याला पन वाटतं. तुला ठावं हाय?"

"नाही."

"मंग कसं कळंल?"

"कॉलेजात मोजायचं यंत्र आहे."

"मंग घेऊन जा आन मोज. आन बरं वाटावं म्हणून काय सांगू नको. तसं सांगायला घरात पुष्कळ जन हायत."

तुला धाप लागली. मी पाणी दिलं. मग जे बोललीस ते मी तुझ्याच शब्दांत लिहिते, कारण तेच नंतर कामाला आलं.

"जगन्या बियाणं फेकतो बोलतोय. माजं काय व्हायचं ते होऊ दे. पन ते भात गेलं ना, परत कुठं मिळायचं नाय. आख्ख्या पाड्यात कुणाकडं नाय आता. पिशवीतलं घेतात सगळे. तू नीट मोज. असंल काय तर मीच फेकते. नसंल तर त्याला सांग, पेर म्हणावं."

मी हो म्हटलं.

यंत्राचं कपाट बंद होतं, किल्ली मॅडमकडे होती, मॅडम परीक्षेच्या कामात. मग सेल संपलेले निघाले. मी रोज जाऊन विचारत होते. मॅडम एकदा म्हणाल्या, "एवढी काय घाई आहे गं?" शेवटी मोजलं. ते यंत्र टिक टिक करतं. आधी रिकाम्या टेबलावर धरलं, तरी टिक टिक झालीच. आकाशातून, भिंतींतून, आपल्या अंगातूनसुद्धा थोडं येत असतं, म्हणून. मग तुझा दगड ठेवला. पुन्हा मोजलं. आणखी पुन्हा. दगड असताना आणि नसताना फरक सापडेना. मग मॅडमनी गंमत म्हणून यंत्र खिडकीच्या ग्रॅनाइटच्या कट्ट्यावर धरलं, तर तिथे टिक टिक स्पष्ट वाढली. "बघ," त्या म्हणाल्या, "तुझ्या आत्यापेक्षा आम्हालाच जास्त धोका." आणि लगेच म्हणाल्या की यालाही धोका म्हणायचं नाही. मी विचारलं, भातात उतरलं असेल का? त्या म्हणाल्या, ते दगडात काचेत कोंडल्यासारखं घट्ट बंद आहे. कोरड्या दाण्यात कसं उतरेल?

ते उत्तर मी घेऊन आले होते.

पुढचं तुला माहीत असेल किंवा नसेल. मसणात जायच्या आधी दादानं मला विचारलं, "आणलास तो दगड?" मी डबी दिली. मला वाटलं, मोजमाप काय आलं ते विचारेल. त्यानं विचारलं नाही. खांद्यावरचं मडकं फोडायला जो दगड घेतात, जो मग दहा दिवस गेलेल्या माणसाच्या जागी मानतात, तो जीवखडा म्हणून त्यानं हाच पुढे केला. बाबांनी मला नंतर सांगितलं. जमलेल्यांतला एक म्हातारा म्हणाला, "आरं, तो तिथलाच उचलायचा असतो." दादा म्हणाला, "ह्योच. हिच्यासंगं जाऊ दे घरातनं." अग्नी द्यायला निघालेल्या माणसाशी कोण वाद घालणार?

म्हणजे आत्या, ज्या दगडानं तुला मारलं असं तो म्हणत होता, तोच दहा दिवस तू होतीस. परसातल्या जांभळीच्या फांदीला फडक्यात बांधून ठेवला होता. दादा रोज त्याला पाणी द्यायचा, चहाचा घोटही ठेवायचा, कारण तुला सकाळी चहा लागायचा. पाणी देऊन झालं की मोरीवर जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचा. हे दोन्ही तो मनापासून करत होता. मला हसू येत नव्हतं आणि नीट रडूही येत नव्हतं.

एकदा दुपारी तिथे कोणी नव्हतं. मी जांभळीखाली उभी राहिले आणि फडक्याकडे बघून म्हणाले, "आत्या, मोजला. काही नाही." मग म्हणाले, "म्हणजे अगदी थोडं आहे." भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थिनीनं असं करावं का, मला माहीत नाही. मी केलं. तुझा आवाज आला वगैरे काही झालं नाही. वाऱ्यानं फडकं हललं, तेवढंच.

दहाव्याच्या सकाळी दादानं कणगीतलं सगळं भात गोणीत भरलं. दगडाबरोबर तेही नदीत सोडणार होता. पुरुष नदीवर निघाले होते, आम्ही बायका अंगणात. मला चार माणसांत बोलायची सवय नाही, हे तुला माहीत आहे. सेमिनारलाही माझा आवाज बसला होता. पण गोणी उंबऱ्याबाहेर आली तेव्हा मी पुढे झाले.

"दादा, भात नको टाकू. मी मोजलंय. दगडात काही नाही आणि भातात तर त्याहून नाही. आत्यानं सांगितलं होतं, नसेल काही तर पेर म्हणून."

"कधी सांगितलं?"

"तू बाजारात गेला होतास तेव्हा."

तो म्हणाला, "दगडानं नाय, तर कशानं गेली माझी आई? शिकलीस ना? सांग."

"मला माहीत नाही."

"बघा," तो सगळ्यांकडे वळून म्हणाला. "हिला ठावं नाय. आन मी पेरू?"

बाबा म्हणाले, "जगन, पोर मोजून आलीय. ऐक तरी."

मला काय सुचलं कोण जाणे, मी कॉलेजच्या खिडकीची गोष्ट सांगितली. कट्ट्याच्या ग्रॅनाइटमध्ये तुझ्या दगडापेक्षा जास्त होतं आणि त्यालाही कोणी घाबरत नाही, हे त्यांना पटेल असं मला वाटलं. तुझी सून, सविता वहिनी, दारातच होती. तिनं गेल्या वर्षी स्वयंपाकघरात मोठ्या हौसेनं ग्रॅनाइटचा ओटा करून घेतलाय.

"कंचा दगड बोललीस?"

"ग्रॅनाइट, वहिनी. पण त्याचं काही..."

"म्हंजे मी रोज ज्याच्यावर भाकऱ्या थापते तो?"

"वहिनी, त्यानं काही होत नाही. तेच तर सांगतेय."

"मंग आधी कशाला सांगितलंस त्यात हाय म्हणून?"

एक म्हातारी हसली. वहिनी हसली नाही. त्या दिवसापासून ती ओट्यावर पोतं अंथरून काम करते. माझ्या खरं बोलण्यानं एक भीती गेली नाहीच, तिला दुसरी जोडून मिळाली. तू असतीस तर वहिनीची चांगली फिरकी घेतली असतीस, आणि मग तिच्या शेजारी बसून त्याच ओट्यावर भाकरी थापली असतीस. तेवढ्यानं काम झालं असतं. मला तसं करता येत नाही. मी फक्त सांगू शकते, आणि तेही अडखळत.

दादानं गोणीला हात घातला. उचलली नाही. मग म्हणाला, "ज्याला पायजे त्यानं न्यावी. माझ्या राबावर पडायची नाय." आणि फडक्यातला दगड घेऊन तो नदीकडे गेला. दगड मी शेवटचा पाहिला तो असा, पाठमोऱ्या दादाच्या हातात. कॉलेजात ठेवायला मॅडमनी त्याचा एक तुकडा मागितला होता. मी तुकडा काढला नव्हता आणि आता काढावासाही वाटला नाही.

गोणी बाबांनी खांद्यावर घेतली. "बहिनीचं हाय, माहेरात पेरू," एवढंच म्हणाले. वहिनीनं गोणी ठेवलेली जागा फिनेलनं पुसली. मी बघतेय हे तिनंही पाहिलं आणि दोघींनी मान वळवली. आत्या, तिला नावं ठेवू नकोस. तिला दोन लहान मुलं आहेत.

मुरबाडच्या गाडीची वाट बघत आम्ही किन्हवलीच्या फाट्यावर बसलो होतो. बाबांनी गोणी पायांमध्ये धरली होती. इकडेतिकडे बघून ते हळूच म्हणाले, "दर्शे, खरंच काय नाय ना यात?" तुझा सख्खा भाऊ, त्यांनीही विचारलं. मी म्हणाले, "नाही बाबा." पुढे काही जोडलं नाही. त्यांनी मान हलवली आणि गोणी आणखी जवळ ओढली.

मला तुला हे सांगायचं आहे की मला अजून बरं वाटत नाही. तुला कशानं नेलं ते मी शोधू शकत नाही. पुस्तकात जिथे जिथे 'कारण अज्ञात' लिहिलेलं असतं, तिथे पूर्वी मी पुढचं पान उलटायचे. आता तिथेच अडते. दादाला कारण हवं होतं आणि मी त्याच्याकडे होतं तेवढंही काढून घेतलं. त्या बदल्यात त्याला द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. तू म्हणाली होतीस, बरं वाटावं म्हणून काही सांगू नको. मी सांगितलं नाही. पण ज्याला सांगायचं त्याची आई गेलेली असली, तर ते किती जड जातं, हे तू मला सांगायला हवं होतंस.

आणि हेही सांगायचं आहे की मी दगड शिकते याचं घरात कोणाला कधी कौतुक वाटलं असेल, तर ते तुला. बाबांना अभिमान आहे, पण ते कधी विचारत नाहीत. तू विचारायचीस. साडेसहा कोटी वर्षं ऐकून हसायचीस आणि मग पुढचं विचारायचीस. त्या अंधाऱ्या खोलीत तू 'परत लाव' म्हणालीस, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की मी शिकते ते खरंच काहीतरी आहे.

बाबांनी विहिरीच्या बाजूला छोटा राब केला. आईनं भात पाखडून दिलं. पाखडून झाल्यावर हात धुवायचे का, असं तिनं माझ्याकडे नुसतं बघूनच विचारलं. मी म्हटलं, जेवायला बसायच्या आधी धुतेस तसेच धू. बाबांनी पेरलं आणि मी रोज कळशीनं पाणी घालते. बाबा म्हणतात, एवढ्या उन्हात पाणी पुरायचं नाही आणि बियाणंही जुनं आहे. पाखरांना हाकलायला मी तिथेच पुस्तक घेऊन बसते.

काल दादाचा फोन आला. आधी तुझ्या दवाखान्याच्या कागदांबद्दल बोलला. मग बाबांच्या गुडघ्याबद्दल. मग म्हणाला, "तुझी वहिनी बोलतेय, पावसाच्या आधी एकदा येऊन जा." मी हो म्हटलं. मला वाटलं, आता ठेवेल.

"ते आईचं भात," तो म्हणाला. "उगवलं काय?"

"अजून नाही, दादा."

"बरं."

मागे त्याच्या मुलांचा आवाज येत होता. त्यानं त्यांना गप्प केलं.

"उगवलं तर सांग," तो म्हणाला. "नाय उगवलं तरी सांग."

आत्या, आज सकाळी मी वाकून नीट पाहून आले. राखेवर अजून काही दिसत नाही. मी त्याला तसंच कळवलं.